सोव्हिएत अणुबॉम्ब ‘चोरलेला’ होता, हे वाक्य आता पुरे

मळवाट (धागालेखक)

२९ ऑगस्ट १९४९ रोजी सकाळी ७ वाजता कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्कजवळच्या माळरानावर सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली. बॉम्बचं नाव आरडीएस-१, ताकद सुमारे २२ किलोटन. त्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एक वाक्य येतंच: रशियाने अमेरिकेचा बॉम्ब चोरला. मला या वाक्याशीच भांडायचं आहे.

चोरी झाली हे मी नाकारत नाही. भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फुक्स ऑगस्ट १९४४ पासून लॉस अलामॉसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या गुप्त बॉम्ब-प्रयोगशाळेत होता आणि जून १९४५ मध्ये सांता फे इथे त्याने सोव्हिएत हेरांचा निरोप्या हॅरी गोल्डच्या हाती प्लुटोनियम बॉम्बचं सविस्तर वर्णन दिलं. तिथलाच दुसरा शास्त्रज्ञ थिओडोर हॉल वेगळ्या वाटेने माहिती पोचवत होता. आरडीएस-१ अमेरिकी आराखड्यावर बेतला होता, हे तर त्याचे मुख्य रचनाकार युली खारितोन यांनीच १९९० च्या दशकात जाहीरपणे मान्य केलं.

पण आराखडा हाती आला १९४५ मध्ये आणि बॉम्ब फुटला १९४९ मध्ये. मधली चार वर्षं कुठे गेली? ती कागदावर गेली नाहीत, धातू मिळवण्यात गेली. प्लुटोनियम जमिनीतून खणून काढता येत नाही. आधी युरेनियम हवं, ते जाळायला अणुभट्टी हवी, भट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्रॅफाईट हवं आणि जळून निघालेल्या युरेनियममधून प्लुटोनियम वेगळं करायला अख्खा रासायनिक कारखाना हवा.

१९४५ मध्ये सोव्हिएत संघाकडे हाताशी युरेनियमच नव्हतं म्हटलं तरी चालेल. युद्ध संपताच खारितोन आणि भौतिकशास्त्रज्ञ किकोइन जर्मनीत गेले आणि त्यांना १०० टनांहून जास्त युरेनियम संयुग सापडलं. त्यामुळे वर्षभर वाचलं, असं प्रकल्पाचे शास्त्रीय प्रमुख इगोर कुर्चातोव सांगत. पुढे सॅक्सनी, चेकोस्लोव्हाकियातलं याखिमोव आणि मध्य आशियातल्या खाणी उपसल्या गेल्या. ग्रॅफाईटची वेगळीच रड. कारखान्यांत बनणाऱ्या इलेक्ट्रोडच्या ग्रॅफाईटमध्ये बोरॉन असायचं आणि ते न्यूट्रॉन गिळतं. दहा लाखांत काही मोजके भाग बोरॉन राहिलं तरी साखळी प्रक्रिया पेट घेत नाही. ही शुद्धता आणायलाच महिने गेले. सुमारे ४०० टन ग्रॅफाईट आणि ४५ ते ५० टन युरेनियम रचून मॉस्कोतली एफ-१ भट्टी सुरू झाली ती २५ डिसेंबर १९४६ ला.

हेरांनी दिशा दिली, हे कबूल. पण ‘चोरला’ या एका शब्दाने खाणकामगार, धातूवाले, रसायनवाले आणि कारखाने बांधणारे हजारो कैदी इतिहासातून पुसले जातात.

---

रविकिरण

मळवाट, लेखाच्या मांडणीबद्दल अभिनंदन, पण निष्कर्ष साफ अमान्य.

तुम्ही हेरगिरी १९४५ पासून मोजता. ती त्याच्या बरीच आधी सुरू झाली. मार्च १९४३ मध्ये इगोर कुर्चातोव यांच्यापुढे ब्रिटनहून आलेले गुप्त कागद ठेवले गेले. ते वाचून त्यांनी सोव्हिएत सरकारातल्या पेर्वुखिन यांना लिहिलेलं टिपण आज उपलब्ध आहे. या सामग्रीचं महत्त्व अमाप आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कोणती वाट धरायची आणि कोणती सोडायची हे त्यांना प्रयोग करायच्या आधीच कळलं. संशोधनात सगळ्यात महाग पडते ती चुकीची वाट, आणि तिचा खर्च अमेरिकेने केला.

आता तारखा पाहा. फर्मींची शिकागोतली भट्टी २ डिसेंबर १९४२ ला चालू झाली आणि ट्रिनिटी ही अमेरिकेची पहिली अणुचाचणी १६ जुलै १९४५ ला झाली. म्हणजे २ वर्षं साडेसात महिने. एफ-१ ते आरडीएस-१ हे अंतर २ वर्षं ८ महिने. एका बाजूला शाबूत उद्योग असलेली अमेरिका. दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडची शहरं, कारखाने, रेल्वे जळून गेलेला, कोट्यवधी माणसं गमावलेला देश. आणि दोघांचा वेळ जवळजवळ सारखा! हे फुक्सशिवाय शक्य होतं?

अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयए १९४९ मध्येही लिहीत होती की सोव्हिएत बॉम्ब लवकरात लवकर १९५० च्या मध्याला आणि बहुधा १९५३ च्या मध्याला होईल. त्यांचा अंदाज चुकला, कारण आपल्या घरातून किती माल गेला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणखी एक. त्याच सुमारास सोव्हिएत शास्त्रज्ञांकडे स्वतःची, हलकी आणि जास्त ताकदीची रचना कागदावर होती. तरी प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या, स्टालिनच्या विश्वासातल्या बेरियाने अमेरिकी प्रतच आधी करायला लावली, कारण ती चालते हे सिद्ध झालं होतं. यातच सगळं आलं.

---

मळवाट

रविकिरण, तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण त्या तुमच्याच विरुद्ध साक्ष देतात. भट्टी पेटल्यापासून स्फोटापर्यंत दोघांना सारखाच वेळ लागला, याचा अर्थ त्या टप्प्यात चोरीने काही वाचवलं नाही. तो टप्पा ठरतो भट्टीत किती प्लुटोनियम तयार होतं आणि ते किती लवकर वेगळं करता येतं यावर. फुक्सचा कागद भट्टी जोरात चालवू शकत नाही.

स्वतःच्या रचनेबद्दल तुम्हीच बोललात, तर तिचं पुढे काय झालं तेही पाहू. २४ सप्टेंबर १९५१ ला आरडीएस-२ ची चाचणी झाली. आरडीएस-१ चं वजन साडेचार टनांहून जास्त, हिचं साधारण ३ टन. ताकद २२ वरून ३८ किलोटनांवर. नुसती नक्कल करणाऱ्यांना दोन वर्षांत हे जमत नाही.

---

धातुकाम

मधला टप्पा कोणी उघडून दाखवत नाही, म्हणून लिहितो.

उरल पर्वताच्या पायथ्याशी चेल्याबिन्स्क-४० इथे (आजचं ओझ्योर्स्क) ‘ए’ भट्टी जून १९४८ मध्ये पूर्ण ताकदीला आली, १०० मेगावॅट. अमेरिकेच्या हॅनफर्ड इथल्या प्लुटोनियमच्या भट्ट्यांत युरेनियमच्या कांड्या आडव्या नळ्यांत सरकवत. रचनाकार निकोलाय दोल्लेझाल यांनी नळ्या उभ्या घेतल्या. हा निर्णय कुठल्याही चोरलेल्या कागदावर नव्हता. उभ्या नळीत कांड्या स्वतःच्या वजनाने खाली पडतात, त्यामुळे माल काढणं सोपं होईल हा हिशोब. अशा अकराशेहून जास्त नळ्या होत्या.

अडचण सुरू झाली ती ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून. बाहेर ग्रॅफाईट, आत वाहतं गरम पाणी, वर किरणोत्साराचा मारा. नळ्यांना गंजाची छिद्रं पडू लागली, पाणी ग्रॅफाईटमध्ये झिरपू लागलं. ओलं ग्रॅफाईट न्यूट्रॉन खातं, भट्टीची ताकद पडते. शिवाय युरेनियमच्या कांड्या किरणोत्सारात फुगतात, त्यांवर पुटकुळ्या येतात आणि त्या नळीत अडकून बसतात. जानेवारी १९४९ मध्ये भट्टी बंद करावी लागली. सगळ्या नळ्या काढून गंजरोधक थर दिलेल्या नव्या नळ्या बसवायच्या, एवढाच उपाय उरला.

पण मग आतल्या कांड्यांचं काय? नेहमीच्या पद्धतीने खाली पाडल्या तर त्यांचं आवरण फुटणार आणि त्या परत वापरता येणार नाहीत. देशात दुसऱ्या भरण्याइतकं युरेनियमच नव्हतं. म्हणून वरून, भट्टीच्या माथ्यावरच्या सभागृहातून, टोकाला हवा ओढून धरणाऱ्या वाट्या लावलेल्या दांड्यांनी एकेक कांडी वर ओढली गेली. सुमारे ३९ हजार कांड्या! प्रत्येक कांडी किरणोत्सर्गी, आणि हे काम माणसांनी केलं. बाहेर आलेली कांडी नजरेखालून घालायची, चांगली निघाली तर बाजूला, खराब निघाली तर टाकाऊत. कुर्चातोव स्वतः तिथे बसून कांड्या तपासत होते. मार्चअखेरीला भट्टी पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये चाचणी झाली.

आराखडा अमेरिकेचा होता, हे मान्य. पण नळी का गंजते हे त्या आराखड्यात नव्हतं.

दुसरं उदाहरण वेर्ख-नेयविन्स्कच्या युरेनियम समृद्धीकरण कारखान्याचं. अमेरिकेत वायू-विसरण पद्धत (युरेनियमचा वायू बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ढकलून बॉम्बला लागणारा भाग वेगळा करणं) चालते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी १९४९ मध्ये यंत्रांच्या आतले पृष्ठभाग गंजून वायू वाटेतच विघटित व्हायचा आणि हाती येणारा माल ४० टक्क्यांच्या आसपास अडकायचा. पद्धत माहीत असणं आणि यंत्र चालणं यांत दोन वर्षांचं अंतर पडलं. शस्त्रात समृद्ध युरेनियम आलं ते १९५१ मध्येच.

रासायनिक कारखान्याचंही तसंच. प्लुटोनियम वेगळं करण्याची ॲसिटेटवर आधारलेली पद्धत लेनिनग्राडच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधली, ख्लोपिन यांच्या गटाची.

---

रविकिरण

धातुकाम, प्रतिसाद आवडला. कांड्यांचा भाग मला एवढ्या तपशिलात माहीत नव्हता. पण मूळ मुद्दा हलत नाही. नळी गंजली तरी त्यांनी प्रकल्प सोडला नाही, कारण पलीकडच्या टोकाला बॉम्ब नक्की फुटतो याची खात्री होती. अमेरिकनांना १९४४ च्या उन्हाळ्यात ती खात्री नव्हती. प्लुटोनियमसाठी ठरवलेली पहिली रचना चालणार नाही हे कळल्यावर लॉस अलामॉसचं अख्खं कामकाज नव्याने रचावं लागलं. तो धक्का सोव्हिएत संघाला बसलाच नाही. खात्रीला किंमत असते. बेरियाच्या हाताखाली तर फारच.

मळवाट, समजा फुक्स नसता. तुमच्या मते किती वर्षं लागली असती?

---

मळवाट

एक ते दोन वर्षं जास्त, असं बरेच इतिहासकार म्हणतात आणि मला ते पटतं. म्हणजे १९५० किंवा १९५१. मी शून्य म्हणत नाही. पण ‘चोरला’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात एक-दोन वर्षं नसतात. चोरी झाली नसती तर रशियाकडे बॉम्ब कधीच आला नसता, असं त्याला वाटत असतं.

---

निशिगंध

दोन्ही बाजू महिने मोजत आहेत. ते महिने कोणी भरून दिले, हे कोणीच लिहिलेलं नाही.

चेल्याबिन्स्क-४० चा रासायनिक कारखाना डिसेंबर १९४८ मध्ये सुरू झाला. प्लुटोनियम काढून घेतल्यावर उरणारं द्रव अतिशय किरणोत्सर्गी असतं. हॅनफर्डमध्ये ते जमिनीखालच्या टाक्यांत ठेवत (त्या टाक्या पुढे गळल्या, तो वेगळा विषय). इथे साठवणीच्या टाक्या अपुऱ्या होत्या आणि वेळ नव्हता, म्हणून ते तेचा नदीत सोडलं. तेचा म्हणजे हॅनफर्डजवळच्या कोलंबियासारखी अफाट नदी नाही, लहानसा प्रवाह आहे. १९४९ ते १९५६ मध्ये ७ कोटी ६० लाख घनमीटर सांडपाणी आणि त्यातून साडेसत्तावीस लाख क्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किरणोत्सार त्या ओढ्यात गेला. त्यातला बहुतेक सगळा मार्च १९५० ते नोव्हेंबर १९५१ या दीड-पावणेदोन वर्षांतला.

मेतलिनो हे गाव सोडण्याच्या जागेपासून ७ किलोमीटरवर. लोक तेच पाणी पीत, गुरांना पाजत, त्याच्या काठावर भाजी लावत. कारखाना गुप्त, म्हणून सांगायचं कुणी? १९५१ च्या उन्हाळ्यात मोजमाप झालं तेव्हा प्रकार उघड झाला. मग सांडपाणी कराचाय नावाच्या तळ्याकडे वळवलं आणि हळूहळू साडेसात हजारांच्या आसपास माणसं गावांतून हलवली. का हलवतोय हे त्यांना सांगितलं गेलं नाही. मुस्ल्युमोवो हे गाव तर नदीकाठी तसंच राहिलं, दशकानुदशकं.

धातुकाम यांनी ॲसिटेट पद्धत अभिमानाची म्हणून मांडली. त्या पद्धतीच्या टाकाऊ द्रवात सोडियम नायट्रेट आणि ॲसिटेट क्षार उरतात. २९ सप्टेंबर १९५७ ला अशाच एका टाकीचं थंड पाण्याचं वेटोळं निकामी झालं, आतलं पाणी आटलं, क्षार कोरडे पडून तापले आणि टाकी फुटली. ७० ते ८० टन माल, वर १६० टनांचं काँक्रीटचं झाकण, तेही उडालं. सुमारे २ कोटी क्युरी बाहेर आले. बहुतेक जवळच पडले, दहावा भाग ढगातून दूरवर गेला आणि ईशान्येला ३०० किलोमीटरपर्यंत पट्टा उमटला. ती रचना स्वतःची होती आणि तिचा अपघातही स्वतःचाच होता.

१९४९ ची मुदत पाळायची म्हणून नदी वापरली. चोरीने वर्ष वाचलं की दोन, यापेक्षा मला हे जास्त विचारावंसं वाटतं: ते वर्ष वाचवायची गरज होती का?

---

पूर्वरंग

निशिगंधताई, तेचाबद्दल काहीच दुमत नाही. पण गरज होती का, या प्रश्नाचं उत्तर १९४५ च्या मॉस्कोतून द्यावं लागेल, आजच्या आपल्या खुर्चीतून नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमा, २० ऑगस्टला बेरियाच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती. फक्त दोन आठवड्यांत. नुकतंच नाझी आक्रमण सोसलेल्या देशाला एकट्या अमेरिकेकडे बॉम्ब असणं कसं दिसलं असेल? घाईचं कारण तिथे आहे.

दुसरं, चाचण्यांबद्दल. पुढे चर्चा सेमिपलातिन्स्ककडे जाणारच, म्हणून आधीच लिहितो. तिथे एकूण ४५६ चाचण्या झाल्या. हा आकडा वाचून लोक समजतात की गावांवर ४५६ वेळा किरणोत्सर्गी राख पडली. त्यातल्या ३४० जमिनीखालच्या. वरच्या ११६ मधल्या ८६ हवेत उंचावर आणि ३० जमिनीवर. फरक मोठा आहे. अग्निगोल जमिनीला टेकला की टनावारी माती वर ओढली जाते, किरणोत्सर्गी द्रव्य त्या जड कणांना चिकटतं आणि काही तासांत शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात खाली येतं. हवेतल्या स्फोटात अग्निगोल जमिनीला टेकत नाही, कण बारीक राहतात, वर जातात, जगभर पसरतात आणि सावकाश उतरतात. म्हणून आसपासच्या गावांच्या डोसचा मोठा भाग चारच चाचण्यांतून आला: २९ ऑगस्ट १९४९, २४ सप्टेंबर १९५१, १२ ऑगस्ट १९५३ आणि २४ ऑगस्ट १९५६. चारही जमिनीलगतच्या.

आणि ते शिकत होते. १९४९ ला कोणालाच हलवलं नाही. १९५३ ला ४०० किलोटनांच्या आरडीएस-६एस च्या आधी, राखेचा धोका ऐन वेळी लक्षात आल्यावर, ट्रक लावून गावं रिकामी केली. हा बॉम्ब रचणारे भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेइ साखारोव यांनी या धावपळीबद्दल स्वतः लिहिलं आहे.

---

निशिगंध

पूर्वरंग, चारच चाचण्या हे बरोबर आहे, आणि नेमकं तेच मला जास्त लागतं. चारच होत्या, तर टाळता आल्या असत्या.

१९४९ चंच घ्या. स्फोट ८ वाजता ठरला होता. हवा बिघडत होती म्हणून कुर्चातोवनी तो ७ वर आणला. वारा जोराचा होता, त्यामुळे राखेचा पट्टा अरुंद पण लांब गेला आणि दोलोन या गावावरून ओढला गेला. दोलोन स्फोटाच्या जागेपासून १०० किलोमीटरहून जास्त लांब आहे. चाचणी एक दिवस पुढे ढकलली असती तर वारा फिरलाही असता. पण गावासाठी चाचणी थांबवली गेली नाही.

१९५३ ची धावपळ झाली, मान्य. पण कराऊलमध्ये काही पुरुष मागेच राहिले, आणि हलवलेले लोक थोड्याच दिवसांत त्याच जमिनीवर परत आणले गेले. मेंढ्या त्याच गवतावर चरल्या, तेच दूध प्यायले गेले. शिकले म्हणावं, तर तीनच वर्षांनी ऑगस्ट १९५६ मध्ये पुन्हा जमिनीवर स्फोट का? त्याचा ढग उस्त-कामेनोगोर्स्कवर गेला. ते छोटं गाव नव्हे, कारखान्यांचं शहर.

त्यानंतर १९५७ मध्ये सेमिपलातिन्स्क शहरात एक दवाखाना उघडला. दारावरची पाटी होती ‘ब्रुसेलोसिस-विरोधी दवाखाना क्रमांक ४’. ब्रुसेलोसिस हा गुरा-मेंढ्यांपासून माणसाला होणारा ताप. कझाक मेंढपाळांच्या मुलखात अशी पाटी कुणालाच खटकत नाही. आत चालायची किरणोत्साराने बाधित लोकांची तपासणी. रक्त घ्यायचं, नोंद करायची, माणसाला घरी पाठवायचं. कशाची तपासणी आहे हे त्याला सांगायचं नाही. ही पाटी ज्या कोणी लिहून घेतली, त्याला लोकांचं काय होतंय हे माहीत होतं.

---

पूर्वरंग

दवाखान्याच्या पाटीवर माझ्याकडे उत्तर नाही. तो मुद्दा तुमचा.

पण हवेतला स्फोट ‘स्वच्छ’ म्हणूनही सुरक्षित नव्हता, हे माझ्याच मांडणीतलं अपुरेपण सांगतो. २२ नोव्हेंबर १९५५, आरडीएस-३७, सोव्हिएत संघाचा पहिला खरा दोन टप्प्यांचा हायड्रोजन बॉम्ब. मूळ ताकद सुमारे ३ मेगाटन होती, ती मुद्दाम १.६ पर्यंत उतरवली. टीयू-१६ विमानातून टाकला आणि सुमारे दीड किलोमीटर उंचीवर फुटला, त्यामुळे राख फार नाही. घात केला तापमानाच्या उलट्या थराने. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत थंड हवा आणि वर गरम हवा असेल तर धक्कालहर वर निघून न जाता वाकून पुन्हा खाली येते. गणितापेक्षा कितीतरी लांब घरं हादरली. एका गावात छत कोसळून तीन वर्षांची मुलगी गेली, आणि खंदकात माती ढासळून एक सैनिक गेला. १७५ किलोमीटरवरच्या सेमिपलातिन्स्क शहरात खिडक्या फुटल्या.

दोन दिवस आधीचा प्रसंग तर याहून भयंकर ठरला असता. २० नोव्हेंबरला बॉम्ब घेऊन विमान उडालं आणि अचानक ढग दाटले, रडारचं निशाणयंत्र बंद पडलं. खाली लक्ष्य दिसेना. तेल संपत चाललेलं, धावपट्टीवर बर्फ, पोटात हायड्रोजन बॉम्ब. डोंगरात टाकून द्यायचा की घेऊन उतरायचं? साखारोव आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ झेल्दोविच यांनी विमान उतरवणं सुरक्षित आहे असं सही करून लिहून दिलं, तेव्हा ते उतरवलं गेलं. यानंतर मेगाटनांच्या चाचण्या उत्तरेला नोवाया झेम्ल्याकडे गेल्या.

---

मळवाट

हायड्रोजन बॉम्ब आलाच आहे, तर माझ्या मूळ मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे.

फुक्सने ‘सुपर’ ची, म्हणजे अमेरिकेच्या त्या वेळच्या हायड्रोजन बॉम्बच्या कल्पनेची माहितीही दिली होती, १९४८ मध्ये बरीच सविस्तर. ती कल्पना मुळातच चुकीची होती. अमेरिकनांनी ती सोडली आणि १९५१ मध्ये टेलर-उलाम मार्ग (वर आलेला दोन टप्प्यांचा) शोधला. सोव्हिएत संघात मात्र झेल्दोविच यांचा गट त्याच कल्पनेवर, तिथे ‘पाइप’ म्हणत त्यावर, काम करत राहिला आणि ते काम १९५४ मध्ये बंद झालं. चोरलेल्या कागदाने त्यांची वर्षं खाल्ली! रविकिरण म्हणतात चुकीच्या वाटेचा खर्च अमेरिकेने केला. इथे चुकीची वाटच चोरून आणली होती.

दुसरीकडे १९५३ चा साखारोव यांचा थरांचा बॉम्ब (आरडीएस-६एस) स्वतःचा, आणि १९५५ चा आरडीएस-३७ ही स्वतःचा. फुक्स जानेवारी १९५० मध्ये कबुली देऊन बसला, त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतरचं त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

---

रविकिरण

‘पाइप’ चा मुद्दा मला मान्य करावा लागतो. हायड्रोजन बॉम्बच्या बाबतीत माझं म्हणणं मागे घेतो. पण ‘स्वतःचा’ म्हणताना नोव्हेंबर १९५२ च्या अमेरिकेच्या ‘माइक’ या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख विसरू नका. जगभर पसरलेल्या त्या राखेतून बॉम्बच्या रचनेचा सुगावा लागू शकतो, हे दोन्ही देश जाणत होते. १९४९ मध्ये अमेरिकेने तेच केलं: जपानहून अलास्काकडे उडणाऱ्या डब्ल्यूबी-२९ विमानाच्या कागदी गाळण्यांवर ३ सप्टेंबरला किरणोत्सार सापडला आणि २३ सप्टेंबरला ट्रूमन यांनी जाहीर केलं.

---

मळवाट

विसरलेलो नाही. साखारोव यांनीच आठवणींत लिहिलं आहे की ‘माइक’ नंतर त्यांनी ताजा पडलेला बर्फ खोक्यांत भरून आणला. तो वितळवून, आटवून, त्यातला अर्क काढायचा होता. आणि एका रसायनतज्ज्ञ बाईंनी तो तयार अर्क चुकून मोरीत ओतला. ‘माइक’ चा पुरावा तिथेच वाहून गेला.

---

धातुकाम

निशिगंध यांनी ॲसिटेटबद्दल लिहिलं ते मी टाळलं होतं. टाळायला नको होतं. पद्धत घरची होती, तिचे क्षारही घरचेच होते. १९५७ ची टाकी त्या हिशोबात धरलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्याच धातूची. सेमिपलातिन्स्कच्या देगेलेन डोंगरात चाचण्यांसाठी १८१ बोगदे खोदले आणि २०९ चाचण्या केल्या. काही प्रयोगांत साखळी प्रक्रिया पूर्ण होऊ दिली नव्हती, म्हणजे प्लुटोनियम जळून गेलं नाही, खडकात विखुरलं आणि तिथेच राहिलं. कझाकस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष नझारबायेव यांनी २९ ऑगस्ट १९९१ ला, पहिल्या चाचणीच्याच तारखेला, हे ठाणं बंद केलं. पहारा उठला, पगार थांबले आणि आसपासचे लोक त्या बोगद्यांत शिरू लागले. आत मोजमापाच्या यंत्रांना जोडलेल्या तांब्याच्या मैलोगणती तारा होत्या आणि भंगारात तांब्याला भाव होता. बोगद्यांची तोंडं काँक्रीटने बंद केली तर त्यांनी ती पुन्हा फोडली, काही ठिकाणी तर यंत्रं आणून.

१९४९ च्या सुरुवातीला एकेक कांडी दांडीने ओढून ज्या प्लुटोनियमसाठी माणसं भट्टीच्या तोंडाशी उभी होती, तेच इथे कुणाच्याही हाती लागेल अशा अंतरावर पडून होतं. अमेरिका, रशिया आणि कझाकस्तान यांनी मिळून त्या भेगांत आणि बोगद्यांत विशेष काँक्रीट भरलं. काम संपलं ऑक्टोबर २०१२ मध्ये, चाचणीस्थळ बंद होऊन २१ वर्षांनी.